मूठ सैल करताना : ख्रिस्ती जीवनात अनासक्तीचा सराव कसा करावा

अनासक्ती म्हटलं की सगळं सोडून निघालेला माणूस डोळ्यांसमोर येतो. शुभवर्तमानांत मात्र चित्र इतकं सरळ नाही. श्रीमंत तरुणाला येशूने सगळं विकायला सांगितलं (मार्क १०:२१). श्रीमंत जकातदार जक्कयाने अर्धी मालमत्ता गरिबांना देऊ केली, तेव्हा ‘उरलेली का ठेवलीस?’ असं त्याला विचारलं नाही (लूक १९:८). मार्था आणि मरीया या बहिणींचं घर त्यांचंच राहिलं आणि येशू तिथे पाहुणा म्हणून जात राहिला. तिघांना तीन वेगळ्या वाटा मिळाल्या. म्हणून ‘मी काय काय सोडू?’ या प्रश्नाने सुरुवात करू नका. ‘माझी मूठ कशावर आवळलेली आहे?’ असं विचारा. हा लेख त्या प्रश्नापासून पुढची वाट दाखवण्यासाठी आहे.

या वाटेवर नव्याने येणाऱ्यांचा गोंधळ बहुतेक एकाच ठिकाणी होतो. भावना कमी होणं म्हणजे अनासक्ती, असं ते धरून चालतात. आपला मित्र लाजर याच्या कबरेपाशी येशू रडला (योहान ११:३५). अटकेच्या रात्री गेथशेमाने बागेत त्याचा जीव अत्यंत खिन्न झाला होता. ज्याच्याइतका मोकळा माणूस दुसरा नाही, तोच इतका रडतो, तर कोरडेपणा हे आपलं ध्येय असू शकत नाही. प्रेम करायचं, वस्तू वापरायच्या, योजना आखायच्या, आणि देवाने मागितलं तर हात उघडता येईल इतकी मोकळीक मनात ठेवायची, एवढाच इथे अर्थ आहे.

काय काय लागेल

पवित्र शास्त्र, एक साधी वही आणि पेन. सकाळी १० मिनिटं, रात्री १५ मिनिटं. ज्याच्याशी खरं बोलता येतं असा एक विश्वासू माणूस: पाळक, धर्मगुरू, आध्यात्मिक मार्गदर्शक किंवा विश्वासात मुरलेला मित्र. आणि ४० दिवसांचा कालावधी. उपवासकाळ (ईस्टरपूर्वीचे ४० दिवस) चालू असेल तर तोच घ्या, नसेल तर कोणत्याही दिवशी सुरू करा.

नोकरी सोडणं, घर रिकामं करणं, नाती तोडणं यातलं काहीही पहिल्या ४० दिवसांत करू नका. उत्साहाच्या भरात घेतलेला मोठा निर्णय ही स्वतःच एक आसक्ती असू शकते: आपण किती त्यागी आहोत या चित्राची.

१. आसक्ती ओळखा

पहिले ३ दिवस फक्त पाहायचं आहे. काहीही सोडायचं नाही. मन कुठे अडकतं ते वहीत टिपून ठेवा. चार खुणा उपयोगी पडतात:

– ही गोष्ट गेली असं नुसतं मनात आणलं तरी पोटात गोळा येतो का?
– तिच्यासाठी मी छोटं खोटं बोलतो का, किंवा ती लपवतो का?
– प्रार्थनेत हा विषय निघाला की मी घाईने पुढे सरकतो का?
– कुणी तिला धक्का लावला की माझा राग घटनेपेक्षा मोठा होतो का?

तिसरी खूण सगळ्यांत भरवशाची. जो विषय देवासमोर काढायचा टाळला जातो, तिथेच गाठ असते.

पैसा, मोबाइल, खाणं ही नावं वहीत पटकन येतील. ती लिहा, पण तिथेच थांबू नका. आपलंच खरं करण्याची ओढ, जुनी तक्रार, मंडळीतलं आपलं पद, ‘माझ्यावाचून यांचं अडतं’ ही भावना, मुलांचं भविष्य आपल्या मनासारखं व्हावं हा हट्ट, हे उशिरा दिसतं. आणि विश्वासात बरीच वर्षं काढलेल्यांची एक खास आसक्ती असते: प्रार्थनेत येणाऱ्या गोड अनुभवाची. अनुभव आला नाही की ते प्रार्थनाच सोडतात. त्यांना हवी होती ती अनुभूती. ती देणारा मागेच राहिला.

पोंतसचा एवाग्रियस हा चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात राहिलेला संन्यासी. मनाला ओढणाऱ्या विचारांचे त्याने ८ प्रकार केले: खादाडपणा, कामवासना, धनलोभ, खिन्नता, क्रोध, उबग, पोकळ कीर्ती आणि गर्व. वहीतल्या नोंदी या यादीशी ताडून पाहा. बहुतेकांच्या नोंदी दोन-तीन प्रकारांतच गोळा होतात. एवाग्रियसचं आणखी एक सांगणं नवख्यांनी पहिल्या दिवसापासून धरून ठेवावं: विचार येणं न येणं आपल्या हातात नाही, त्याला घरात मुक्कामाला ठेवायचं की नाही हे आपल्या हातात आहे. त्यामुळे ओढ जाणवली म्हणून अपराधी वाटून घेऊ नका.

२. एकच निवडा, आणि ती लहान असू द्या

वहीत १० गोष्टी आल्या तरी ४० दिवसांसाठी एकच घ्या. सोळाव्या शतकातल्या क्रुसाच्या संत योहानाने पक्ष्याचा दाखला दिला आहे. पाय बारीक दोऱ्याने बांधलेला असो की जाड दोरीने, तोडल्याशिवाय पक्षी उडत नाही. बारीक दोरा तोडायला सोपा, म्हणून तिथून सुरुवात करा.

निवडलेली गोष्ट एका वाक्यात लिहा. ते वाक्य दिवसात मोजता येईल असं हवं. ‘मी कौतुकाची आस सोडीन’ हे मोजता येत नाही. ‘समाजमाध्यमांवर काही टाकल्यावर किती जणांनी पाहिलं ते मी दिवसातून एकदाच, संध्याकाळी बघेन’ हे येतं. ‘काळजी करणार नाही’ असं लिहिलंत तर चौथ्या दिवशी वही बंद होईल.

३. आधी मनातलं सांगा, मग सोपवा

या पायरीवर उलट्या क्रमाने जाणारे फार आहेत. ‘प्रभू, तुझी इच्छा पूर्ण होवो’ हे ते पहिल्याच वाक्यात म्हणून टाकतात आणि खरी इच्छा आत दाबून ठेवतात. गेथशेमानेतली प्रार्थना नीट वाचा (लूक २२:४२). हा प्याला दूर कर, हे मागणं तिथे उघड बोललेलं आहे, आणि त्यानंतर ‘माझ्या इच्छेप्रमाणे नको’ येतं. मत्तयाच्या सांगण्याप्रमाणे येशूने ही प्रार्थना तीनदा केली. प्रेषित पौलानेही शरीरातला काटा (त्याला सतत छळणारा त्रास) निघावा म्हणून तीनदा विनवणी केली (२ करिंथ १२:८). मागणं बोलून दाखवणं हा अविश्वास नव्हे.

सकाळच्या १० मिनिटांचा क्रम असा ठेवा:

– २ मिनिटं शांत बसा. तळहात मांडीवर, वर उघडे. शरीर आधी सैल झालं की मनाला मागे येणं सोपं जातं.
– ३ मिनिटं निवडलेल्या गोष्टीबद्दल खरं बोला. ‘मला हे हवं आहे. हे गेलं तर मला भीती वाटते.’ शब्द सजवू नका.
– ३ मिनिटं एक छोटा उतारा वाचा. स्तोत्र १३१ फक्त तीन वचनांचं आहे आणि या सरावासाठी त्याच्याइतकं नेमकं दुसरं सापडणार नाही: दूध तुटलेलं मूल आईजवळ स्वस्थ आहे. दुधासाठी आलेलं नाही, आईसाठी आलेलं आहे. पहिले १० दिवस हेच स्तोत्र घ्या. नंतर मत्तय ६:१९–३४ आणि फिलिप्पै ४:४–१३.
– शेवटची २ मिनिटं सोपवण्यासाठी.

सोपवावंसंच वाटत नसेल तर? तसंच सांगा. ‘सोडायची इच्छा मला नाही, ती इच्छा व्हावी अशी इच्छा दे.’ ही पूर्ण प्रार्थना आहे.

येशूसंघाचे संस्थापक, लोयोलाचे संत इग्नेशियस (१४९१–१५५६) यांनी तीन प्रकारच्या माणसांचं एक मनन दिलं आहे. तिघांनाही १०,००० सुवर्णनाणी मिळालेली आहेत आणि तिघांनाही त्यांचं ओझं झालं आहे. पहिला सोडायचं म्हणतो आणि मरेपर्यंत काहीच करत नाही. दुसरा ओढ सोडायला तयार आहे, पण नाणी हातात ठेवूनच. म्हणजे देवाने आपल्या सोयीच्या जागी यावं अशी त्याची अपेक्षा. तिसरा म्हणतो, ठेवायची की द्यायची हे देवाच्या सेवेला काय अधिक चांगलं त्यावरून ठरू दे, तोवर मी ती मनाने सोडलेलीच धरतो. आपण यांतले कोण, हे आठवड्यातून एकदा वहीत लिहा. दुसरा असणं ही लाजेची गोष्ट नाही. बहुतेक जण तिथेच असतात, आणि ते ओळखलं की काम निम्मं सोपं होतं.

४. ओढीच्या उलट दिशेने एक छोटी कृती

नुसत्या विचाराने गाठ सुटत नाही. इग्नेशियस यांच्या परंपरेत ओढीच्या विरुद्ध जाण्यावर भर आहे: मन ज्या बाजूला झुकतं, तिच्या उलट बाजूला मुद्दाम थोडं वाकायचं. खालच्या यादीतून तुम्ही निवडलेल्या गोष्टीशी जुळेल तेवढंच घ्या.

*वस्तू आणि पैसा.* मनात भरलेली वस्तू घेण्यापूर्वी ७ दिवस थांबा. दानाची रक्कम महिना सुरू होण्यापूर्वी ठरवा आणि ती आधी बाजूला काढा. उरलेल्यातून दिलं तर मूठ तशीच राहते. कर्ज काढून दान करू नका, घरच्यांच्या गरजेला कात्री लावूनही नाही.

*मोबाइल.* झोपायच्या खोलीबाहेर ठेवा आणि सकाळची प्रार्थना होईपर्यंत हातात घेऊ नका. सूचनांचे आवाज बंद करा. एवढंच पुरे.

*कौतुक.* रोज एक चांगलं काम असं करा की कुणालाच कळणार नाही (मत्तय ६:१–४). ते वहीतही लिहू नका, मार्गदर्शकालाही सांगू नका. कुणी स्तुती केली तर ‘धन्यवाद’ म्हणा आणि थांबा. ‘छे, मी कुठला’ असं लांबण लावलं की आणखी कौतुक ओढून घेतलं जातं. टीका झाली तर उत्तर २४ तासांनी द्या. दुसऱ्या दिवशी त्यातलं अर्धं उत्तर अनावश्यक वाटेल.

*आपलंच खरं करणं.* दिवसातून एकदा, जिथे सत्याचा किंवा कुणाच्या हिताचा प्रश्न नाही अशा ठिकाणी, शेवटचा शब्द दुसऱ्याला द्या.

*काळजी.* इथे जास्त वेळ द्यावा लागतो, कारण काळजी सोडली तर आपण बेजबाबदार ठरू असं वाटत राहतं. वहीच्या पानावर मधोमध रेघ मारा. डावीकडे जे आज माझ्या हातात आहे ते, उजवीकडे जे नाही ते. डावीकडच्या नोंदींतून एकच कृती निवडून तिच्यासमोर वेळ लिहा: ‘उद्या ११ वाजता डॉक्टरांना फोन.’ उजवीकडच्या नोंदी एकेक करून मोठ्याने वाचा आणि प्रत्येकीनंतर ‘प्रभू, हे तुझ्याकडे’ म्हणा. मग वही मिटा.

रात्री तोच विचार पुन्हा येईल. त्याच्याशी वाद घालू नका आणि त्याला दाबूही नका. दाबलेला विचार अधिक जोराने उसळतो. ‘हे लिहिलं आहे, हे सोपवलं आहे’ इतकं म्हणून श्वासाकडे किंवा एखाद्या वचनाकडे परत या. एका रात्रीत वीस वेळा परतावं लागलं तर सराव वीस वेळा झाला. वचन आधीच निवडून पाठ केलेलं असावं. अरण्यात सैतानाने घेतलेल्या परीक्षेत येशूने दिलेली तिन्ही उत्तरं जुन्या करारातल्या ‘अनुवाद’ या पुस्तकातली आहेत (मत्तय ४:१–११). शब्द आधीच मुखात होते म्हणून ऐन वेळी शोधावे लागले नाहीत.

*अन्न.* उपास हे जुनं आणि चांगलं साधन आहे, पण मधुमेह, गर्भारपण, अंगावर पाजणं, वेळेला बांधलेली औषधं किंवा खाण्यासंबंधीचा मानसिक आजार असेल तर जेवण सोडू नका. वैद्यकीय अडचण नसेल तर आठवड्यातून एक जेवण सोडणं सुरुवातीला पुरेसं आहे.

५. मोकळी झालेली जागा लगेच भरा

घर झाडून-लोटून रिकामं ठेवलं आणि निघून गेलेला अशुद्ध आत्मा सात जणांना घेऊन परतला, हा दाखला (मत्तय १२:४३–४५) या सरावातल्या सगळ्यांत मोठ्या चुकीबद्दल आहे. मोबाइलचा तास वाचला आणि तो तसाच मोकळा ठेवला, तर चौथ्या दिवशी तिथे दुसरी करमणूक बसलेली असते.

म्हणून सोडण्याच्या वाक्याशेजारी भरण्याचं वाक्यही पहिल्याच दिवशी लिहा. वाचलेला वेळ कुणाला, वाचलेला पैसा कुठे, वाचलेलं लक्ष कशाकडे. आजारी माणसाची विचारपूस, घरातल्याचं पूर्ण ऐकून घेणं, वीस मिनिटं शास्त्रवाचन, यांपैकी काहीही. त्यात प्रेमाची दिशा असली पाहिजे. दिशा नसेल तर तो नुसता शिस्तीचा व्यायाम होतो आणि माणूस हळूहळू कडक होत जातो.

६. रात्रीची १५ मिनिटं

क्रम पाच टप्प्यांचा: आज जे मिळालं त्याबद्दल आभार, पवित्र आत्म्याकडे प्रकाश मागणं, सकाळपासूनचा दिवस तासातासाने पाहणं, जिथे मूठ आवळली तिथे क्षमा, उद्यासाठी एक छोटा निश्चय. आभार पहिले, हा क्रम बदलू नका. चुकांपासून सुरुवात केली की पंधरा मिनिटं स्वतःला बोल लावण्यात जातात.

मोजदादीसाठी इग्नेशियस यांची पद्धत आजही सोपी आहे. प्रत्येक दिवसासाठी दोन ओळी आखा, एक दुपारपर्यंतची, दुसरी रात्रीपर्यंतची. निवडलेल्या बाबतीत घसरलात की त्या ओळीवर एक ठिपका. मग सकाळची ओळ संध्याकाळशी, आज कालशी, हा आठवडा मागच्याशी ताडून पाहा. ठिपके घसरण कधी होते तेही सांगतात. ते नेहमी रात्री ९ नंतरच पडत असतील तर अडचण बहुधा थकव्याची आहे आणि लवकर झोपणं हाच उपाय असेल.

पहिल्या आठवड्यात ठिपके वाढलेले दिसतील. घसरण वाढलेली नसते, दिसायला लागलेली असते.

७. माणसांच्या बाबतीत जपून

वस्तूंना लावलेला नियम माणसांना जसाच्या तसा लावू नका. माणसावरचं प्रेम कमी करायचं नसतं. त्याच्यावरचा ताबा सोडायचा असतो. मुलाने कोणतं क्षेत्र निवडावं, जोडीदाराने कधी बदलावं, मित्राने किती वेळा आठवण काढावी, हे ठरवण्याचा हक्क आपल्याकडे आहे असं वाटणं, ही ती मूठ. सरावासाठी त्या माणसाचं नाव घेऊन रोज म्हणा: ‘हा आधी तुझा आहे.’ आणि त्या दिवशी त्याला एक सल्ला कमी द्या.

घरात व्यसनी माणूस असेल तर अनासक्ती म्हणजे त्याच्या परिणामांवर पांघरूण न घालणं. त्याची उधारी फेडणं, त्याच्या वतीने खोटं सांगणं थांबवायचं. जेवायला वाढणं, त्याच्यासाठी प्रार्थना करणं आणि उपचारांचा पर्याय समोर ठेवणं चालू ठेवायचं.

दोन धोके. एक: भक्तीच्या नावाखाली जबाबदारी टाळणं. आईवडिलांना द्यायचं ते ‘करबान’, म्हणजे देवाला अर्पण, असं म्हणून हात झटकणाऱ्यांना येशूने कठोर शब्दांत सुनावलं (मार्क ७:९–१३). दोन: मारहाण किंवा छळ सहन करण्याला अनासक्ती म्हणणं. तिथे आधी सुरक्षित जागी जा आणि मदत घ्या. कुणी पाळक किंवा नातेवाईक ‘अहं सोड आणि सोस’ असं म्हणत असेल, तर तो सल्ला मानू नका.

८. कोरडे दिवस आणि आजार यांतला फरक

दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात बहुतेकांना कोरडेपणा येतो. प्रार्थना रुचत नाही, सगळं निरर्थक वाटतं, जुनी सवय फार गोड दिसते. वाळवंटातल्या संन्याशांना हा उबग चांगला माहीत होता. भर दुपारी येणारा, दिवस ५० तासांचा वाटायला लावणारा, असं त्याचं वर्णन एवाग्रियसने केलं आहे. यावर इग्नेशियस यांचा नियम पक्का आहे: अशा काळात आधी घेतलेला निर्णय बदलायचा नाही. उलट प्रार्थना ठरलेल्या वेळेपेक्षा थोडी लांबवायची. आणि जे चाललं आहे ते गुपित ठेवायचं नाही, आपल्या विश्वासू माणसाला सांगायचं.

पण प्रत्येक उदासी आध्यात्मिक नसते. २ आठवडे किंवा अधिक काळ जवळजवळ रोज, दिवसाचा बराच भाग मन खिन्न असेल, कशातच रस वाटत नसेल, झोप-भूक बिघडली असेल, स्वतःबद्दल निरुपयोगीपणाची भावना असेल, तर हे नैराश्याच्या आजाराचं लक्षण असू शकतं. डॉक्टरांकडे किंवा मानसोपचारतज्ज्ञाकडे जा. मरणाचे विचार येत असतील तर त्याच दिवशी कुणाला तरी सांगा आणि तातडीची मदत घ्या. चालू असलेली औषधं ‘विश्वासाने’ बंद करू नका. औषध घेणं ही आसक्ती नव्हे.

एक ओळखीची खूण: अनासक्ती खरी असेल तर माणूस हलका होतो आणि लोकांमध्ये अधिक रमतो. आजारात तो तुटत जातो, आणि ‘मला आता कशाचंच काही वाटत नाही’ हे वाक्य त्याला प्रगती वाटू लागतं. शोक ताजा असेल, जवळचं माणूस नुकतंच गेलं असेल, तर हा सराव सध्या पूर्ण बाजूला ठेवा. त्या दिवसांत विलापाची स्तोत्रं वाचा, १३, ४२, ८८.

९. कुठे कुठे बिघडतं

जाहीर करणं. हनन्या आणि सप्पीरा या जोडप्याने मालमत्ता विकून आलेल्या पैशांतली काही रक्कम मागे ठेवली आणि उरलेली प्रेषितांना दिली. मागे ठेवणं हा त्यांचा गुन्हा नव्हता. पैसे तुझेच होते, असं प्रेषित पेत्र स्पष्ट म्हणतो (प्रेषितांची कृत्यं ५:४). सगळं दिल्याचा देखावा त्यांना भोवला. म्हणून ४० दिवस पूर्ण होईपर्यंत मार्गदर्शकाखेरीज कुणाशी या सरावाबद्दल बोलू नका.

दुसऱ्यांची वही भरणं. स्वतःची एक गाठ दिसली की इतरांच्या दहा दिसायला लागतात. त्या वहीत लिहू नका.

इच्छाशक्तीवर भिस्त. ठिपके कमी झाले की ‘मी केलं’ असं वाटतं, आणि एवाग्रियसच्या यादीतला शेवटचा विचार, गर्व, आत येतो. रात्रीची सुरुवात आभारांनी करण्याचं हेही एक कारण.

एक दिवस चुकला म्हणून सगळं टाकणं. चुकलेला दिवस रिकामा सोडा आणि दुसऱ्या दिवशी पुढचा आकडा लिहा. पुन्हा १ पासून मोजू नका.

१०. चाळिसाव्या दिवसानंतर

वही घेऊन मार्गदर्शकासोबत तासभर बसा. तीन गोष्टी पाहा: ठिपक्यांचा कल, भरलेल्या जागेत काय रुजलं, आणि ती गोष्ट आता परत आली तर ती वापरता येईल की ती पुन्हा तुम्हाला वापरेल. पहिला पर्याय खरा असेल तर ती मर्यादेत परत घ्यायला हरकत नाही. कायमची सोडलीच पाहिजे असा नियम नाही. दारू, जुगार यांसारखं व्यसन असेल तर मात्र परत घेऊ नका.

‘कोणत्याही स्थितीत समाधानी राहायला मी शिकलो आहे’ असं पौलाने लिहिलं ते कैदेतून (फिलिप्पै ४:११). शिकलो, असं तो म्हणतो. म्हणजे त्यालाही वेळ लागला होता. दुसरी गाठ निवडण्यापूर्वी निदान २ आठवडे जाऊ द्या. सकाळचं स्तोत्र आणि रात्रीचे आभार तेवढे त्या दोन आठवड्यांतही चालू ठेवा.